अ‍ॅक्शनपट निराश का करतात : संकलनाच्या टेबलावरून दिसणारी कारणे

प्रश्न असा आहे : पाण्यासारखा पैसा ओतलेले, नावाजलेल्या नटांचे आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी उडवून देणारे अ‍ॅक्शनपट पाहताना हल्ली कंटाळा का येतो, आणि हा दोष चित्रपटांचा की वयाबरोबर चिकित्सक होत गेलेल्या प्रेक्षकाचा? मी बरीच वर्षे चित्रपटांचा संकलक म्हणून काम करतो आहे. माझ्या टेबलावर मारामारीचे आणि पाठलागाचे प्रसंग पुष्कळ येतात, आणि दुसऱ्यांनी केलेले असे चित्रपट मी हौसेने पाहतो. तेव्हा उत्तर देताना मी प्रेक्षकाची तक्रार आणि कारागिराची अडचण या दोन्ही गोष्टी जमेस धरणार आहे. प्रेक्षक चिकित्सक झाला म्हणून कंटाळा येतो, हे मला बहुतेक वेळा पटत नाही. फसलेला अ‍ॅक्शन प्रसंग हा सहसा न झालेल्या तयारीवर घातलेले पांघरूण असतो. पांघरुणाखाली काय आहे हे प्रेक्षकाला नेमके सांगता येत नाही, पण तिथे काही तरी झाकले आहे हे त्याला कळते, आणि तो त्यालाच कंटाळा म्हणतो.

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जागेचे भान. कोण कुठे उभा आहे, कोण कुणाकडे तोंड करून धावतो आहे, दार कोणत्या बाजूला आहे, पळून जायला वाट कुठून आहे, हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर त्याला भीती वाटण्याचे कारणच उरत नाही. अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये लढाई सुरू होण्यापूर्वी गावाचा नकाशा आपल्याला नीट समजावून दिला जातो, कुठला रस्ता अडवायचा आणि कुठला मुद्दाम मोकळा सोडायचा हे आपल्यासमोर ठरते, आणि लढाई सुरू झाल्यावर मारल्या गेलेल्या प्रत्येक दरोडेखोराची खूण कागदावर खोडली जाते. शेवटची लढाई पावसात आणि चिखलात होते, माणसे आणि घोडे एकमेकांत मिसळतात, तरीही किती शत्रू उरले आहेत हे आपण मनात मोजत असतो. ही मोजणी म्हणजेच उत्कंठा. ‘डाय हार्ड’ (१९८८) मध्ये दिग्दर्शक जॉन मॅकटिअरनन यांनी हेच एका इमारतीच्या आत केले. बांधकाम अपुरे राहिलेले मजले, लिफ्टची विहीर, हवा खेळवणारे बोगदे या सगळ्यांची ओळख ते आधी करून देतात, आणि नायक ज्या भिंतीजवळून धावतो तिच्यावरचे एक चित्रही खुणेसारखे वापरतात. म्हणून पुढे नायक अंधारात धावू लागला तरी आपण त्याच्याबरोबर धावतो.

याउलट उदाहरण म्हणून २०१४ च्या ‘टेकन ३’मधील एक प्रसंग कुप्रसिद्ध आहे. नायक तारांच्या कुंपणावरून उडी मारतो, एवढीच कृती आहे. ती दाखवायला सुमारे सहा सेकंदांत डझनाहून अधिक कट वापरले आहेत. हात, जाळी, बूट, चेहरा, पुन्हा जाळी असे तुकडे डोळ्यांवर आदळतात आणि शेवटी माणूस कुंपणापलीकडे गेला असावा असा आपण अंदाज करतो. या प्रसंगावर लोक हसले, ते योग्यच होते, पण संकलकाला हसण्याआधी मी त्याच्या टेबलावर काय आले असेल याचा विचार करतो. मुख्य नट तेव्हा साठीच्या पुढे होते. कुंपण चढण्याचे काम बदली कलाकाराने केले असणार, त्याचा चेहरा दिसता कामा नये, नटाचे फक्त चढायला सुरुवात केल्याचे आणि उतरून धावू लागल्याचे शॉट असणार, आणि मधली सगळी गती कुठून तरी उभी करायची. अशा वेळी संकलक लपवाछपवी करतो. लपवाछपवीला दुसरे साधन नसते. कट वाढवायचे, कॅमेरा हलवायचा, आवाज मोठा करायचा. ज्या माणसाला कुंपण चढता येत नाही त्याला कुंपणाच्या दाराने जाऊ द्यावे, आणि दारावर त्याच्यासाठी एखादी अडचण लिहावी, हा उपाय पटकथेच्या पातळीवर पाच मिनिटांत झाला असता. संकलनाच्या पातळीवर तो कधीच होऊ शकत नाही.

वॉल्टर मर्च या ज्येष्ठ संकलकांनी कट कुठे करावा याचे सहा निकष सांगताना भावनेला ५१ टक्के, कथेला २३ टक्के, लयीला १० टक्के, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७ टक्के, पडद्याच्या सपाट प्रतलातील रचनेला ५ टक्के आणि घटनास्थळाच्या त्रिमितीय सलगतेला अवघे ४ टक्के दिले आहेत. संवादाच्या प्रसंगात मला हे अगदी मान्य आहे. दोन माणसे भांडत असताना कप उजव्या हातात होता की डाव्या, याने कुणाचेही बिघडत नाही. अ‍ॅक्शनमध्ये मात्र शेवटचा निकष कोसळला की पहिलाही कोसळतो, कारण तिथली भावना जागेतूनच जन्माला येते. मारेकरी दाराच्या पलीकडे आहे हे कळले तर छातीत धडधडते. तो कुठे आहे हेच कळले नाही तर फक्त डोळे दुखतात. अनेक दिग्दर्शक ‘प्रेक्षकाला गोंधळाचा अनुभव द्यायचा आहे’ असे समर्थन करतात. पात्र गोंधळलेले असणे आणि प्रेक्षक गोंधळलेला असणे यांत फरक आहे, आणि हा फरक न कळल्यामुळे गेल्या दोन दशकांतील कित्येक मारामाऱ्या वाया गेल्या आहेत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेगवान संकलन हाच गुन्हेगार आहे असे समीक्षक सर्रास लिहितात, ते खरे नाही. चित्रपट अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी दाखवून दिल्याप्रमाणे १९३० ते १९६० या काळात हॉलिवूडच्या बहुतेक चित्रपटांतील शॉटची सरासरी लांबी आठ ते अकरा सेकंद होती, आणि शतकाच्या अखेरीस ती तीन ते सहा सेकंदांवर आली. म्हणजे वेग सगळ्याच चित्रपटांत वाढला, चांगल्यांतही आणि वाईटांतही. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) या दोन तासांच्या चित्रपटात सुमारे २,७०० कट आहेत, तरी त्यात कोणती गाडी कोणाच्या मागे आहे याविषयी क्षणभरही शंका येत नाही. कारण काम आधीच झाले होते. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी पटकथेऐवजी सुमारे साडेतीन हजार चित्रांच्या स्टोरीबोर्डवर चित्रपट उभा केला. छायालेखक जॉन सील यांनी प्रत्येक शॉटचा महत्त्वाचा भाग चौकटीच्या मध्यभागी ठेवला, त्यामुळे कट झाला तरी नजरेला पडद्यावर शोधाशोध करावी लागत नाही. आणि संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी सुमारे ४८० तासांच्या चित्रीकरणातून तो घडवला. सिक्सेल यांनी त्यापूर्वी अ‍ॅक्शनपट संकलित केला नव्हता, आणि मला वाटते तेच पथ्यावर पडले, कारण त्यांच्याकडे या प्रकारच्या तयार सवयी नव्हत्या. त्यांना ऑस्कर मिळाले.

हलत्या कॅमेऱ्याचेही असेच आहे. पॉल ग्रीनग्रास यांच्या ‘द बॉर्न सुप्रीमसी’ (२००४) आणि ‘द बॉर्न अल्टिमेटम’ (२००७) या चित्रपटांनी हातात धरलेल्या अस्थिर कॅमेऱ्याची लाट आणली. ‘अल्टिमेटम’मधील शॉटची सरासरी लांबी दोन सेकंदांच्या आसपास आहे. मला स्वतःला ही शैली फार प्रिय नाही, पण तिच्यामागे विचार आहे हे मान्य करावेच लागते. त्यातल्या मोरोक्कोतील टँजियर शहरात घडणाऱ्या, घरातील मारामारीत पुस्तक आणि टॉवेल ही शस्त्रे होतात, पार्श्वसंगीत गप्प असते, आणि झटापट कितीही तुटक दिसली तरी कोणाचा श्वास कोंडला आहे हे कळत राहते. क्रिस्टोफर राउझ यांना त्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले. नंतर ज्यांनी अनुकरण केले त्यांनी कॅमेरा हलवला, विचार मात्र घेतला नाही. ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (२००८) हे त्याचे मला सर्वांत खटकणारे उदाहरण आहे. ‘बॉर्न’ मालिकेत काम केलेले सेकंड युनिटचे, म्हणजे मुख्य दिग्दर्शकापासून वेगळे चित्रीकरण करणाऱ्या दुसऱ्या तुकडीचे, दिग्दर्शक डॅन ब्रॅडली त्यातही होते. मात्र ५ नोव्हेंबर २००७ रोजी सुरू झालेला अमेरिकी पटकथालेखकांचा संप फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला, आणि पटकथा अपुरी असतानाच चित्रीकरणाला तोंड द्यावे लागले. काही प्रसंग नायकाची भूमिका करणारे डॅनियल क्रेग आणि दिग्दर्शक यांनीच मिळून लिहिल्याचे क्रेग यांनी पुढे सांगितले. सुरुवातीचा मोटारींचा पाठलाग पाहा : महागड्या गाड्या, अरुंद रस्ता, उत्तम चालक, सगळे आहे, आणि तरीही कोणती गाडी कुणाची हे ओळखेपर्यंत ती दरीत गेलेली असते. ज्या चित्रपटात पात्रांना काय हवे आहे हेच कागदावर पक्के झाले नव्हते, त्यात कॅमेऱ्याने कुणाकडे पाहायचे हे तरी कसे ठरणार?

तयारी म्हणजे नेमके काय, हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण प्रेक्षकांना याची कल्पना क्वचितच असते. मारामारीचा प्रसंग नृत्यासारखा आधी बसवावा लागतो. फाइट मास्टर आणि त्याचे स्टंटमन तो रिकाम्या जागेत रचतात, साध्या कॅमेऱ्यावर टिपून दाखवतात, दिग्दर्शक आणि छायालेखक त्यातून कॅमेऱ्याच्या जागा ठरवतात, आणि नट आठवडेच्या आठवडे तालीम करतात. नटाला जितक्या हालचाली सलग करता येतील तितका शॉट लांब ठेवता येतो, आणि शॉट जितका लांब तितका प्रेक्षकाचा विश्वास अधिक. ‘द मेट्रिक्स’ (१९९९) च्या नटांनी हाँगकाँगचे युएन वू-पिंग यांच्या हाताखाली सुमारे चार महिने तालीम केली होती. त्या चित्रपटात कियानू रीव्ह्ज यांचे बदली कलाकार असलेले चॅड स्टाहेल्स्की यांनीच पुढे डेव्हिड लीच यांच्या साथीने ‘जॉन विक’ (२०१४) केला, आणि त्यातली लढत लांब शॉटमध्ये, पूर्ण शरीर दिसेल अशा अंतरावरून टिपली गेली. त्यात नवे तंत्रज्ञान काहीच नव्हते. नट काम करू शकत होता म्हणून कॅमेरा शांत राहू शकला, इतकेच. इंडोनेशियात अत्यंत कमी साधनांत झालेला ‘द रेड’ (२०११) हेच सांगतो. अडचण एवढीच की तालमीचा पैसा पडद्यावर थेट दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक कापताना कात्री पहिल्यांदा तिच्यावर चालते. तालमीचे चार आठवडे वाचवलेल्या चित्रपटाचे संकलन मी केले आहे. त्यात प्रत्येक ठोसा दुसऱ्या ठोशापर्यंत पोहोचवायला मध्ये उगाचच एखाद्या बघ्याचा चेहरा घालावा लागला होता.

हाँगकाँगच्या जुन्या चित्रपटांतून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. बॉर्डवेल यांनीच तिचे वर्णन केले आहे : थांबणे, स्फोट, पुन्हा थांबणे. हल्ला होण्यापूर्वी शरीर क्षणभर स्थिर असते, मग हालचाल होते, आणि ती संपल्यावर पुन्हा स्थिरता येते, त्यामुळे प्रत्येक हालचाल स्वतंत्रपणे वाचता येते. जॅकी चॅन यांच्या ‘पोलिस स्टोरी’ (१९८५) च्या अखेरीस ते मॉलमधील दिव्यांनी वेढलेल्या उंच खांबावरून घसरत खाली येतात आणि तीच घसरण वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवली जाते. कथेच्या सलगतेचा नियम तिथे उघडपणे मोडला आहे, आणि तरी कुणाची तक्रार नसते, कारण हे खरोखर घडले हे प्रेक्षकाला पाहू द्यायचे आहे. निराश करणाऱ्या चित्रपटांत ही थांबण्याची जागाच नसते. सगळे सतत हलत असते, आणि सतत हलणाऱ्या गोष्टीची लय जाणवत नाही.

दुसरे मोठे कारण शरीराशी निगडित आहे. ‘डाय हार्ड’चा नायक अनवाणी असतो, काचांवरून चालतो, आणि उरलेला चित्रपटभर त्याच्या पायांतून रक्त येत असते. त्या पायांमुळे प्रत्येक पुढचे पाऊल महाग होते. त्याच मालिकेच्या २००७ च्या चौथ्या भागात तो एका लढाऊ विमानाशी सामना करून सुखरूप राहतो, आणि २०१३ च्या पाचव्या भागात तो इतक्या वेळा आदळतो आणि इतक्या सहज उठतो की पुढच्या वेळी तो पडला तरी आपण खुर्चीत पुढे सरकत नाही. पात्राचे नाव तेच आहे, नट तोच आहे, फक्त त्याला आता काही होऊ शकत नाही. याला काही अंशी वर्गीकरणाची व्यावहारिक गणितेही कारणीभूत आहेत. अमेरिकेत १९८४ साली ‘पीजी-१३’ हा वर्ग अस्तित्वात आला, आणि किशोरवयीन प्रेक्षकांना मोकळा प्रवेश देणारा हा वर्ग मिळावा यासाठी रक्त, जखम आणि आघाताचा क्षण कापून टाकण्याची प्रथा पडली. पहिले तीन ‘डाय हार्ड’ प्रौढांच्या वर्गात होते, चौथा चित्रपटगृहात ‘पीजी-१३’ म्हणून आला. ‘द एक्स्पेंडेबल्स’च्या तिसऱ्या भागाचेही (२०१४) तसेच झाले. मला रक्ताची हौस नाही. पण बंदूक झाडली गेली आणि माणूस पडला यांच्या मधला क्षण गाळला की शंभर माणसे पडूनही कुणी मेले असे वाटत नाही, आणि हिंसेचा परिणाम झाकणारे चित्रण मला नैतिकदृष्ट्याही अधिक शंकास्पद वाटते.

संगणकीय दृश्यांना सगळा दोष देणे सोपे आहे, म्हणून त्याविषयी जपून बोलले पाहिजे. वर कौतुक केलेल्या ‘फ्युरी रोड’मध्येही सुमारे दोन हजार शॉटमध्ये संगणकीय काम आहे. प्रश्न संगणक वापरला की नाही हा नसून त्याच्या खाली खरे काही होते की नाही हा आहे. ‘द मेट्रिक्स रीलोडेड’ (२००३) मध्ये दोन्ही नमुने एकाच चित्रपटात सापडतात. नायक एकाच शत्रूच्या अनेक प्रतिमांशी लढतो तो प्रसंग खऱ्या माणसांपासून सुरू होतो आणि पाहता पाहता नायकाचे शरीर पूर्णपणे संगणकीय होते. त्या वळणावर त्याचे वजन नाहीसे होते. पायाखालची जमीन दाबली जात नाही, वळताना खांद्याला झटका बसत नाही, कपड्यांना स्वतःचा वेग नसतो. दुसरीकडे त्याच चित्रपटातील महामार्गावरच्या पाठलागासाठी जुन्या नौदल तळावर मैलाहून लांब खराखुरा रस्ता बांधला होता, आणि तो प्रसंग आजही टिकून आहे. जेम्स बाँडच्या मालिकेत ‘गोल्डनआय’ (१९९५) साठी स्वित्झर्लंडमधील २२० मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीवरून एका स्टंटमनने खरी उडी घेतली, आणि सातच वर्षांनी ‘डाय अनदर डे’मध्ये नायक संगणकीय लाटेवर संगणकीय पतंग धरून तरंगला. त्यानंतरच्या ‘कसिनो रॉयाल’ (२००६) मध्ये धावणे आणि चढणे यांत निष्णात असलेल्या सेबास्तियाँ फुकाँ यांना घेऊन पाठलाग रचण्यात आला. निर्मात्यांना चूक कळली असावी, असा माझा तर्क आहे. जाता जाता एक गंमत. ‘जस्टिस लीग’ (२०१७) च्या फेरचित्रीकरणाच्या वेळी हेन्री कॅव्हिल यांना ‘मिशन इम्पॉसिबल – फॉलआउट’साठी ठेवलेली मिशी काढता येईना, म्हणून ती संगणकाने पुसली गेली आणि सुपरमॅनचा वरचा ओठ विचित्र दिसू लागला. मिशी ज्या चित्रपटासाठी राखली त्यात टॉम क्रूझ यांनी इमारतीवरून उडी मारताना घोटा मोडून घेतला, आणि तो शॉट चित्रपटात तसाच ठेवला गेला.

तरीही तालीम, जागा, शरीर हे सगळे सांभाळूनही चित्रपट फसतो, तेव्हा दोष लेखनाचा असतो. मी प्रत्येक मारामारीच्या बाबतीत एकच प्रश्न विचारतो : हा प्रसंग काढून टाकला तर पुढच्या प्रसंगात काय बदलेल? निराश करणाऱ्या अ‍ॅक्शनपटांत बहुधा काहीही बदलत नाही. पात्रे बोलतात, मग कथा थांबते, मारामारी होते, मग कथा थांबली होती तिथून पुन्हा सुरू होते. ‘शोले’ (१९७५) मधला आगगाडीवरचा हल्ला आठवावा. स्टंटच्या दृष्टीने तो भव्य आहेच, त्यासाठी परदेशातून तंत्रज्ञ आणले होते, आणि एम. एस. शिंदे यांचे संकलन इतके नेटके आहे की त्या चित्रपटाला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला. पण त्या प्रसंगाचे खरे बळ वेगळे आहे. जय आणि वीरू हे कैदी आहेत, लढाईसाठी त्यांच्या बेड्या तोडल्या जातात, लढाई संपते तेव्हा पोलीस अधिकारी जखमी असतो आणि पळून जायची वाट मोकळी असते. ते नाणे उडवतात आणि त्याला वाचवतात. ठाकूर पुढे याच दोघांना का बोलावतो याचे उत्तर त्या मारामारीत आहे, आणि ते नाणे शेवटी कोणत्या कामाला येते हे सर्वांनाच माहीत आहे. प्रसंग काढला तर चित्रपट उभाच राहत नाही. अब्जावधी रुपयांच्या कित्येक चित्रपटांत आकाशातून काहीतरी कोसळते, शहर उद्ध्वस्त होते, जग वाचते, आणि त्या सगळ्यातून कोणत्याही पात्राविषयी एकही नवी गोष्ट कळत नाही. जग वाचवण्यात प्रेक्षकाला रस नसतो, कारण ते वाचणार हे त्याला तिकीट काढतानाच ठाऊक असते.

लेखन आणि मारामारी यांची ही फारकत कामाच्या पद्धतीतूनही येते. मोठ्या निर्मितीत अ‍ॅक्शनचे प्रसंग सेकंड युनिट चित्रित करते, आणि त्यांची संगणकीय पूर्वआखणी, म्हणजे प्रीव्हिज, कित्येकदा दिग्दर्शक पक्का होण्याच्या आधीच सुरू झालेली असते. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेशिया मार्टेल यांनी २०१८ मध्ये सांगितले होते की, मार्व्हलच्या एका चित्रपटासाठी बोलणी चालू असताना अ‍ॅक्शनची काळजी तुम्ही करू नका, ते आम्ही पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या चित्रपटाचा निम्मा वेळ मारामारीचा, त्याच्या दिग्दर्शकाने निम्म्या चित्रपटाची काळजी करायची नाही! मग नायिका संवादात घाबरट आणि लढताना निर्विकार दिसली तर नवल काय? सेकंड युनिट वाईट असते असे मात्र मुळीच नाही. कित्येक चित्रपटांत तेवढेच चांगले असते. दिग्दर्शक आणि ते युनिट एका टेबलाशी बसून पात्राविषयी बोलले आहेत की नाही, एवढाच मुद्दा आहे.

आवाजाविषयी थोडक्यात. ‘बुलिट’ (१९६८) मध्ये पाठलाग खऱ्या अर्थाने सुरू होताच संगीत थांबते आणि पुढे फक्त इंजिने आणि टायर ऐकू येतात. ‘हीट’ (१९९५) मध्ये रस्त्यावरच्या गोळीबारासाठी मायकेल मान यांनी चित्रीकरणाच्या जागीच नोंदलेला आवाज वापरला, तो इमारतींवर आदळून परत येतो आणि अंगावर काटा आणतो. हल्ली ढोल आणि तुताऱ्यांची भिंत सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभी असते. संगीताने आधीच टोक गाठले की दृश्याला चढायला पायरी उरत नाही.

एका बाबतीत मात्र मी चिकित्सक प्रेक्षकांच्या बाजूने नाही. ‘असे प्रत्यक्षात होऊच शकत नाही’ हा आक्षेप मला गैरलागू वाटतो. नायक माडाच्या झाडाची गोफण करून किल्ल्यावर उडाला तरी माझी हरकत नसते, जर त्या चित्रपटाने पहिल्या दृश्यापासून तसे जग मांडले असेल आणि त्या जगाचा नियम नायकालाही लागू असेल. हरकत असते ती नियम सोयीप्रमाणे बदलण्याला : दुपारी ज्या ठोशाने भिंत फुटली, त्याच ठोशाने संध्याकाळी खलनायकाचा फक्त ओठ फाटतो, कारण चित्रपट संपायला अजून वीस मिनिटे आहेत.

आपल्याला आलेला कंटाळा चित्रपटामुळे आहे की स्वतःमुळे, हे तपासण्याचा एक उपाय आहे. नव्या सहायकांना मी तोच करायला सांगतो. आवडलेला एक आणि न आवडलेला एक असे दोन प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहावेत. मग कोण कुठून कुठे गेले, मध्ये कोणाचा बेत बदलला आणि शेवटी कोणाचे काय गेले, हे तीन-चार वाक्यांत लिहून काढावे. आवाजाशिवायही हे लिहिता आले आणि तरी प्रसंग आवडला नसेल, तर बिघाड संगीतात, लेखनात किंवा आपल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीत शोधावा. लिहिता आले नाही, तर तोच प्रसंग चौथाई वेगाने पाहावा. कुठे चेहरा टाळला आहे, कुठे ठोसा लागण्याआधीच कट झाला आहे, कुठे एकच शॉट उलटा फिरवून दोनदा वापरला आहे, हे मग दिसू लागते.